परमनंट झालो, आता पावती कुठल्या युनियनची फाडू? (वीज कंपनीतल्या लोकांनी सांगा)

पोलवरचा_पक्या
नमस्कार मंडळी. इथे लाईनवरचे बरेच लोक आहेत म्हणून विचारतोय. विद्युत सहाय्यक म्हणून तीन वर्षं काढली, आता तंत्रज्ञची ऑर्डर हातात पडली. पेढे वाटून होत नाहीत तोवर पावतीपुस्तकं सुरू झाली. एकाने टपरीवर चहा पाजला आणि म्हणाला आपल्याकडे ये, बदलीचं मी बघतो. दुसरा थेट घरी आला, आईशी गावाकडची ओळख काढून पोहे खाऊन गेला. तिसऱ्याचा फोन, फॉर्म भरून ठेवलाय फक्त सही कर म्हणे. आमच्या शाखेत आम्ही नऊ माणसं आणि युनियन चार, त्यातल्या एकीचा अध्यक्ष पण तोच आणि सभासद पण तोच.

वडील म्हणतात कुठेच जाऊ नको, साहेबांच्या डोळ्यावर येशील. बायको म्हणते जो जवळची बदली करून देईल त्याची पावती फाड. मला खरं विचाराल तर बदलीपेक्षा दुसरंच कळत नाहीये, हे लोक वर्षभर नेमकं करतात काय? पगारवाढ तर सगळ्यांना सारखीच मिळते, पावती असो नसो. कृपया झेंड्यांची भांडणं नकोत, अनुभव सांगा.

तारतंत्री_निवृत्त
अभिनंदन पक्याभाऊ. झेंड्यांची भांडणं नकोत म्हणालास म्हणजे ती होणारच.

आधी थोडं जुनं सांगतो कारण तुमच्या बॅचला हे कुणी सांगत नाही. २० जून १९६० ला विद्युत मंडळ सुरू झालं आणि जून २००५ मध्ये त्याचे तुकडे झाले, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर सूत्रधारी कंपनी. तेव्हा आम्ही किती द्वारसभा घेतल्या त्याची मोजदाद नाही. विभाजन थांबलं नाही, पण मंडळातल्या माणसाच्या सेवाशर्ती कंपनीत गेल्यावर खाली येणार नाहीत एवढं पदरात पाडून घेतलं. आज तू ज्या वेतनश्रेणीत बसलास ती त्या भांडणाची शिल्लक आहे.

दुसरं, पगारवाढ आपोआप होत नाही. करार पाच वर्षांचा असतो. मागचा ३१ मार्च २०२३ ला संपला आणि नवा जाहीर व्हायला जुलै २०२४ उजाडला, मूळ पगारात १९ टक्के आणि भत्त्यांत २५ टक्के. त्या सव्वा वर्षात किती निवेदनं, किती बैठका, किती वेळा "पुढच्या आठवड्यात नक्की" हे ऐकलं ते त्यात बसलेल्यांना विचार. आणि तू म्हणतोस तसं, पावती न फाडणाऱ्याच्या खात्यात पण १९ टक्केच आले. त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहिता येत नाही.

मी स्वतः वर्कर्स फेडरेशनचा, म्हणजे लाल झेंडा, हे लपवत नाही. कॉम्रेड बर्धन नागपूरचे, १९५७ ला अपक्ष म्हणून आमदार झालेले, पुढे दिल्लीला भाकपचे सरचिटणीस झाले, पण अधिवेशनात आले की लाईनमनशी लाईनमनच्या भाषेत बोलायचे. ते ऐकून आम्ही आत आलो. पण आज मी तुला लालच धर असं सांगणार नाही. महासंघ आहे, इंटक आहे, तांत्रिकवाले आहेत, मागासवर्गीय संघटना आहे, अभियंत्यांची वेगळी आहे. तू फक्त एक बघ, तुमच्या भागात अपघात झाला तेव्हा रात्री सिव्हिल हॉस्पिटलला कोण आलं होतं.

डीपी_खालचा_माणूस
काका तुमचं बरोबर आहे पण तुमची चर्चा १९ टक्क्यांची आणि आमची चर्चा मागच्या महिन्याचा पगार झाला का याची.

मी कंत्राटी. आयटीआय वायरमन, पक्यासारखाच. फरक एवढाच की त्याची यादीत निवड झाली आणि माझे मार्क कमी पडले. काम तेच, डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज टाकणं, जंपर म्हणजे तारांचा जोड मारणं, पावसात खांबावरचा एबी स्विच अडकला की बांबू घेऊन धावणं, वसुलीला जाऊन शिव्या खाणं. टेंडर बदललं की एजन्सी बदलते, गळ्यातलं ओळखपत्र बदलतं, माणूस तोच. मागच्या एजन्सीचं नाव घेत नाही, त्यांनी पगारातून पीएफ कापला पण पासबुकात कित्येक महिने काही दिसेना. विचारलं तर सांगतात सर्व्हर डाऊन आहे.

जानेवारी २०२३ च्या संपात आम्ही पण उतरलो होतो. पेपरात आकडा होता, कायम ८६ हजार आणि कंत्राटी ४२ हजार. संप संपल्यावर कायमवाल्यांनी गुलाल उधळला. आमच्यातल्या दोघांना एजन्सीने सांगितलं उद्यापासून येऊ नका. मग आम्ही कुणाचे?

यंत्रचालक_ताई
डीपीभाऊ, हे प्रत्येक सबस्टेशनला आहे. आमच्याकडे शिफ्टला एक कायम ऑपरेटर आणि बाकी सगळे बाह्यस्रोत, रजेवर माणूस गेला की पंचाईत.

पक्या, तू विचारलंस युनियन वर्षभर काय करते तर माझा एक अनुभव. मी ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनला ऑपरेटर आहे. लाईनमनने एलसी, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी, घेतली की रजिस्टरमध्ये वेळ, फीडरचं म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाईनचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि सही, ब्रेकर उघडायचा, आयसोलेटर उघडायचा, अर्थिंग करायचं आणि "माणसे काम करीत आहेत" ही पाटी हँडलला अडकवायची. काम झालं की ज्याने एलसी घेतली त्यानेच परत करायची, दुसऱ्याने फोन केला तर चालत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. पण उन्हाळ्यात संध्याकाळी सातला फीडर बंद असला की फोन कुणाकुणाचे येतात ते बघा. सरपंचाचा, पत्रकाराचा, मग आपल्याच साहेबाचा, "अहो ताई झालं असेल त्यांचं, टाका की." एकदा असंच झालं. एलसी घेतलेला मुलगा फोन उचलत नव्हता, रेंज नसावी, आणि वरून दबाव. मी टाकला नाही. साहेब म्हणाले लेखी खुलासा द्या. पाऊण तासाने तो पोरगा मोटरसायकलवर आला, तोपर्यंत खांबावरच होता आणि मोबाईल खाली पिशवीत. तरीपण खुलासा मागितला तो मागितलाच, उद्धटपणे बोलल्याबद्दल.

त्या वेळी आमचे सर्कल सचिव माझ्याबरोबर आले, एलसीचं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाले यातली कुठली ओळ चुकलीय ती दाखवा. विषय तिथेच मिटला. मी एकटी गेले असते तर सही करून माफी लिहून दिली असती. युनियन म्हणजे माझ्यासाठी तेवढं.

आता दुसरी बाजू. हेच सचिव मीटिंग ठेवतात रात्री आठला, हॉलमध्ये सगळे पुरुष, आणि महिला प्रतिनिधी म्हणून मला बोलावतात ते दीपप्रज्वलनाला आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला. सबस्टेशनला बायकांसाठी धड टॉयलेट नाही हा मुद्दा मागणीपत्रात तीन नंबरवर टाका म्हटलं तर तो सतरावर गेला आणि छपाईत पान कमी पडलं म्हणून गायब.

सांगलीकर_ग्राहक
इथे सगळे एकमेकांची पाठ थोपटताय तर एक ग्राहक म्हणून बोलू का? संप केला की अंधारात आम्ही बसतो. २०२३ ला आमच्याकडे दुपारपर्यंत पाणी नव्हतं कारण पाणीपुरवठ्याची मोटर बंद. माझी बर्फाची फॅक्टरी आहे, लाईट गेली की माल गेला. तुमचं भांडण कंपनीशी, भरपाई मी का द्यायची? आणि खाजगी आलं तर बिघडलं काय, मोबाईल खाजगी झाला तेव्हा स्वस्तच झाला ना.

तारतंत्री_निवृत्त
सांगलीकर, तुमचा राग समजतो. पण २०२३ चा संप पगारासाठी नव्हता. एका खाजगी कंपनीने भांडुप परिमंडळात म्हणजे मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागात समांतर वितरणाचा परवाना मागितला होता. ३ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून ७२ तासांचा संप जाहीर झाला, सरकारने मेस्मा म्हणजे संपबंदीचा कायदा लावला, आणि ४ तारखेलाच तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीसांबरोबर सह्याद्रीवर बैठक होऊन मागे घेतला. खाजगीकरण करणार नाही असं त्यांनी सांगितलं, तीन वर्षांत तिन्ही कंपन्यांत ५० हजार कोटी गुंतवू असंही सांगितलं. म्हणजे ७२ तासांचा संप एक दिवसही पुरता चालला नाही.

आणि भांडुपच का मागितलं? कारण तिथे बिलं भरणारे मोठे ग्राहक आहेत. गडचिरोलीसाठी परवाना मागायला कुणी आलं नाही. शेतीपंपाला जी सवलतीची वीज मिळते त्यातला वाटा मोठ्या ग्राहकांच्या बिलातून येतो. ते ग्राहक गेले तर तुमच्या सांगलीच्या उसाला पाणी कुणाच्या पैशाने जाणार? मोबाईलच्या टॉवरला शेतकऱ्याचा वाटा नसतो.

ऑरेंजसिटीवाला
खाजगीचं आमच्या नागपूरले इचारा ना भाऊ. २०११ ले फ्रँचायजी आली, म्हंजे वीज वाटायचं न् बिल वसुलीचं काम खाजगी कंपनीले, मधात कंपनी बदलली, आन् सप्टेंबर २०१९ मध्ये सारं पुन्हा महावितरणकडे. औरंगाबादले पण तसंच, २०११ ते २०१४. जळगावले पण. तीन शहरं दिली आन् तिन्ही वापस घ्या लागली. वापस घेतली तवा खांबावर कोन चढलं? आमचेच लोकं. बंद पडलेले ट्रान्सफॉर्मर, वाकलेले पोल, गहाळ मीटर, साऱ्याची यादी करता करता पोट्टे थकले.

भिवंडीचा_लूमवाला
एकच बाजू सांगू नका राव. भिवंडी २६ जानेवारी २००७ पासून टोरंट या खाजगी कंपनीकडे आहे आणि आजही आहे. त्याआधी इथे गळती चाळीस टक्क्यांच्या वर होती, आकडे टाकून लूम चालायचे हे सगळ्या गावाला माहीत. आज तशी परिस्थिती नाही. ट्रान्सफॉर्मर जळला तर पूर्वी वर्गणी काढून हाताखालून काम करून घ्यायला लागायचं, आता लागत नाही. बिलं कडक आहेत, लोक ओरडतात, ते वेगळं. २०२० ला मालेगाव आणि मुंब्रा-शीळ-कळवा पण फ्रँचायजीवर गेले ते काही उगाच नाही.

पोलवरचा_पक्या
मी विचारलं काय आणि चाललंय काय 😀 पण चालू द्या, माहिती मिळतेय.

तारतंत्री_निवृत्त
लूमवाले भाऊ, भिवंडीत गळती कमी झाली हे खरंय, नाकारणार नाही. आमचे काही पुढारी ते मान्यच करत नाहीत आणि तिथेच आमची बाजू पडते. पण ते का जमलं ते पण बघा, नवीन केबल, नवीन मीटर, नवीन ट्रान्सफॉर्मर यावर पैसा ओतला. तोच पैसा आमच्या हातात देऊन बघायचा होता की. आम्हाला वीस वर्षांपूर्वीची पकड आणि रिकामी जागा देता आणि म्हणता तुमच्याकडून होत नाही.

आणि खाजगीला विरोध ही आजची गोष्ट नाही, एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी पण वीज कामगार रस्त्यावर होते. ही वीज महाग पडेल म्हणून आम्ही गेटवर ओरडत होतो तेव्हा आम्हाला विकासविरोधी म्हणायचे. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला आणि २००१ च्या मे मध्ये बंद.

जर्सीकर
नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मी लाईनमन नाही, न्यू जर्सीत एका वीज कंपनीत प्रोटेक्शन इंजिनिअर आहे, मूळचा साताऱ्याचा. रोज लाईनमन लोकांबरोबर काम असतं म्हणून इकडचं सांगतो.

इकडे इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स म्हणून युनियन आहे, आयबीईडब्ल्यू. १८९१ मध्ये सेंट लुईसला दहा जणांनी सुरू केली. पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाईनमन, १८९६ मध्ये वॉशिंग्टनला लाईनवर काम करताना शॉक लागून खाली पडला आणि गेला. युनियनचा पहिला अध्यक्ष राहिलेला माणूस खांबावर असताना गेला, विचार करा. त्या काळी लाईनमनला कुठलीही विमा कंपनी दारात उभी करत नव्हती.

एका भागाला एक "लोकल", तिला नंबर असतो. शाखेत चार युनियन हा प्रकार मी सांगितला तर इकडचे लोक हसतील. दुसरं म्हणजे हॉल. ठेकेदाराला माणसं लागली की तो युनियनच्या हॉलला फोन करतो आणि हॉल वहीतल्या क्रमाने माणसं पाठवतो. आधी स्थानिक लोकांची वही, मग बाहेरगावाहून आलेल्यांची दुसरी वही. शिकाऊ लाईनमनला साधारण सात हजार तास काम करून मग पूर्ण दर्जा मिळतो, आणि शिकवण्याचा खर्च ठेकेदारांची संघटना आणि युनियन मिळून करतात.

त्यांच्या मासिकात सगळीकडच्या लोकलची छोटी छोटी पत्रं छापतात, मी ती आवडीने वाचतो. कोण रिटायर झालं, कोण वारलं, पिकनिकला मक्याची कणसं किती लागली, कुठल्या म्हाताऱ्या विधवेच्या घराचं वायरिंग रविवारी जाऊन फुकट करून दिलं, नवीन शिकाऊ बॅचचा फोटो. राजकारण असतंच पण निम्मा मजकूर हाच.

डीपी_खालचा_माणूस
जर्सीकर सर एक विचारतो. तिकडे ठेकेदार बदलला की त्या माणसाचं काय होतं?

जर्सीकर
ठेकेदार तर सारखे बदलतात, आज हा उद्या तो. पण दर युनियनच्या कराराचा असतो, लोकलच्या हद्दीत करारावर सही केलेल्या कुठल्याही ठेकेदाराकडे गेलास तरी तोच. आणि मुख्य म्हणजे पेन्शन आणि आजारपणाचा विमा ठेकेदाराकडे नसतो, सगळ्या ठेकेदारांनी मिळून भरलेल्या फंडात असतो. ठेकेदार बदलला तरी तुझं खातं तेच.

डीपी_खालचा_माणूस
म्हणजे माझ्यासारखाच कंत्राटी, पण पीएफसाठी सर्व्हर डाऊन ऐकावं लागत नाही.

मुंबईकर_लाईट
जर्सीकर तिकडचं फार गोड करून सांगू नका, तिकडे पण युनियन नसलेली राज्यं भरपूर आहेत असं ऐकून आहे.

आमच्याकडे बेस्टमध्ये बस आणि लाईट एकाच छताखाली, १९४७ ला महापालिकेने ताब्यात घेतल्यापासून. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज आमची, उपनगरात दुसऱ्यांची. कामगार नेते शरद रावांच्या काळात एक शब्द टाकला की शहर थांबायचं. जानेवारी २०१९ चा बसवाल्यांचा नऊ दिवसांचा संप आठवत असेल. आता बसमध्ये भाड्याच्या गाड्या आणि भाड्याचे ड्रायव्हर आले आणि युनियनचा आवाज किती राहिला ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. कंत्राटी माणूस वाढला की कायमवाल्याचा संप पोकळ होतो, हे समजायला आम्हाला उशीर झाला.

जर्सीकर
मुंबईकर बरोबर आहे. दक्षिणेकडे बऱ्याच राज्यांत युनियन नावालाच. मी फक्त माझ्या भागातलं लिहिलं.

कोकणरिटर्न
पक्या तू विचारलंस तर माझं पण ऐक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्हाला घाटावरून रायगडला पाठवलं. कोविड चालू, घरचे रडत होते. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांत माड आणि सुपारी लाईनवर आडव्या पडलेल्या, कुठली तार कुठून आली कळत नव्हतं. क्रेन आत जाईना कारण वाटच दोन माणसं जातील एवढी. सिमेंटचा पोल आठ-दहा जणांनी दोरखंडाने बांधून खांद्यावर नेलाय मी. झोपायला शाळा, आंघोळीला विहीर. गावातल्या बायका तांदळाच्या भाकरी आणि सुकट आणून द्यायच्या, आमच्यात एक माळकरी होता त्याच्यासाठी वेगळं कुळथाचं पिठलं यायचं.

तिथे सगळ्या युनियनचे लोक एका खोलीत होतो. रात्री पत्ते खेळताना एकमेकांच्या पुढाऱ्यांना यथेच्छ शिव्या आणि सकाळी एकाच खांबावर. सगळ्यात धोका कसला होता माहितीये का, जनरेटरचा. लाईन बंद करून काम करतोय आणि कुठल्यातरी हॉटेलवाल्याने जनरेटर सुरू केला, चेंजओव्हर नीट नाही, की उलटा करंट ट्रान्सफॉर्मरमधून वर येऊन थेट ११ केव्हीच्या तारेत. म्हणून दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या प्रधान तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी बजावलं. त्याने एका पोराला डिस्चार्ज रॉड (तारेतला उरलेला करंट जमिनीत उतरवणारी काठी) न लावता चढताना बघितलं आणि खाली ओढून सगळ्यांसमोर असा झापला की त्या पोराने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

तो पोरगा कंत्राटी होता. परत आल्यावर कायमवाल्यांचा सर्कल ऑफिसला सत्कार झाला, शाल श्रीफळ. कंत्राटी पोरांची नावं यादीत नव्हती. म्हाताऱ्याने आपली शाल तिथल्या तिथे त्या पोराच्या गळ्यात टाकली आणि स्टेजवरून उतरून चालता झाला. पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

नाट्यवेडा_अभियंता
गंभीर चाललंय म्हणून थोडं हलकं. आपल्याकडे पण जर्सीकर म्हणतात तसं आहे की, फक्त छापत कुणी नाही. परिमंडळांच्या नाट्यस्पर्धा असतात, क्रीडा स्पर्धा असतात. आमच्या नाटकात राजाचं काम करणारा लाईनमन दुसऱ्या अंकाआधी गायब, शोधलं तर विंगेत फोनवर कुठल्या गावचा फ्यूज कसा टाकायचा ते समजावतोय, डोक्यावर मुकुट तसाच. बक्षीस पण त्यालाच मिळालं.

आणि पतसंस्थेची निवडणूक म्हणजे तर विधानसभेच्या वर. पॅनेल, चिन्ह, रात्रीच्या जेवणावळी. खरी युनियन कुणाची हे तिथे कळतं, कारण अडल्यावेळी कर्ज तिथूनच निघतं.

सांगलीकर_ग्राहक
शालीची गोष्ट आवडली. माझं म्हणणं मागे घेत नाही, संप नको. पण २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत कमरेएवढ्या पाण्यातून येऊन मीटर बॉक्स काढून गेलेली पोरं आठवली. ती कायम होती का कंत्राटी ते कधी विचारलं नाही.

तारतंत्री_निवृत्त
कोकणरिटर्न, त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार कळवा, तो कुठल्या झेंड्याचा का असेना.

डीपीभाऊ, तुझ्या पीएफचं काय झालं ते सांगितलं नाहीस. आणि मी पण पेन्शनवाला आहे, ईपीएस ९५ चा, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतला. मंडळात आयुष्य गेलं आणि पेन्शन विचाराल तर लाईट बिल आणि औषधं यात संपते. सरकारने किमान पेन्शन २०१४ ला हजार रुपये केली ती तशीच आहे. वीज कामगारांना स्वतःची पेन्शन योजना पाहिजे ही मागणी माझ्या नोकरीभर मागणीपत्रात होती. कंपनी म्हणते पैसा नाही. त्यामुळे ताईंनी टॉयलेट सतरा नंबरवर गेल्याचं लिहिलं ते मला पटलं, आमची पण काही कलमं अशीच फक्त छापायला असतात.

यंत्रचालक_ताई
काका, तुमचं कलम निदान छापून तरी येतं.

पोलवरचा_पक्या
अपडेट देतो. काल सर्कल ऑफिसच्या गेटवर द्वारसभा होती, डीपीभाऊ माझ्याच तालुक्यातला निघाला (व्यक्तिगत निरोपात बोललो), आम्ही दोघं बरोबर गेलो. भाषणं नेहमीची. प्रश्नोत्तरं म्हटल्यावर मी हात वर केला आणि विचारलं की माझ्याबरोबर खांबावर चढणाऱ्या कंत्राटी माणसाला तुमच्या युनियनचं सभासद करून घेता का. एक म्हणाले त्यांची वेगळी संघटना आहे, तिला आमचा पाठिंबा आहे. दुसरे म्हणाले घटनेत तशी तरतूद नाही, पुढच्या अधिवेशनात ठराव मांडू. पोहे खाऊन गेलेले गृहस्थ म्हणाले आधी तू पावती फाड मग बघू. आणखी एका संघटनेचे सर्कल सचिव, ज्यांचं मी नाव पण ऐकलं नव्हतं, ते काहीच बोलले नाहीत पण सभा संपल्यावर डीपीभाऊला बाजूला घेऊन विचारलं पीएफचा यूएएन म्हणजे खात्याचा नंबर पाठ आहे का.

पावती अजून फाडली नाही. वडिलांना सांगितलंय की साहेबांच्या डोळ्यावर आधीच आलोय, प्रश्न विचारल्यामुळे.

डीपी_खालचा_माणूस
हो ते खरंय. आज दुपारी त्या सचिवांबरोबर पीएफ ऑफिसला जाऊन आलो. पासबुक काढलं, एजन्सीने कापलेले हप्ते भरलेलेच नाहीत. तिथल्या साहेबांनी सांगितलं लेखी तक्रार द्या, पगाराच्या स्लिपा जोडा. आता माझ्याकडे स्लिपा सगळ्या महिन्यांच्या नाहीत, एजन्सी द्यायचीच नाही. बँकेचं स्टेटमेंट चालेल का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

तारतंत्री_निवृत्त
दोन्ही जोड. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पगार जमा झाला त्या ओळींवर खूण कर, ज्या महिन्यांच्या स्लिपा आहेत त्या लाव, आणि एलसीच्या रजिस्टरमध्ये किंवा हजेरीत तुझी सही असेल तर त्याची कॉपी मिळव, ताईंसारखं कुणी सबस्टेशनला असेल तर अवघड नाही. अर्जात एजन्सीबरोबर मुख्य मालक म्हणून कंपनीचं नाव पण लिही. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येते, आणि थकलेल्या पगाराचं तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही लिहिलेलं होतं. एकट्याचा अर्ज देऊ नकोस, त्या एजन्सीकडे तुझ्याबरोबर जेवढे होते तेवढ्यांचे एकदम द्या. अर्ज दिला की पोचवर शिक्का घे, शिक्क्याशिवाय तिथून हलायचं नाही.

डीपी_खालचा_माणूस
आम्ही अकरा जण होतो. सहा जण तयार आहेत, बाकीचे घाबरतायत, नवीन एजन्सीला कळलं तर काढतील म्हणून.

पोलवरचा_पक्या
सोमवारी माझी वीकली ऑफ आहे, मी येतो. बाकीच्या पाच जणांचे नंबर पाठव, मी बोलून बघतो.